दोन ट्रॅक्टर, एक शेड

१२ एप्रिल २००७, गुरु.

नवा ट्रॅक्टर, पाण्याचा टँकर ओढणारा, आज पुन्हा बंद. सेल्फ मारला की नुसतं टिक टिक. पास्कल ड्रायव्हर बॉनेटमध्ये डोकं घालून उभा, आणि इकडे पूनम सागरच्या सोसायटीचा सेक्रेटरी फोनवर फोन. "मॅडम, टँकर कब आएगा? लोग बालदी लेके नीचे खड़े हैं." म्हटलं, मी काय डोक्यावर हंडा घेऊन येऊ? (फोन ठेवल्यावर म्हटलं.)

मेकॅनिकने वायरी काढून दाखवल्या. हिरव्या पडल्यात. खाडीची हवा, वर गेला अख्खा पावसाळा उघड्यावर. "वहिनी, अजून एक पावसाळा असा काढलात तर मला बोलवू नका, भंगारवाल्याला बोलवा." तोंडाळ मेला. पण खोटं नाही बोलला.

म्हणजे शेड पाहिजेच. जूनच्या आत. आणि घालायचीच तर दोघांवर एकदम, वेगवेगळ्या दोन घालण्यापेक्षा स्वस्त पडेल. नव्यावर आणि नवऱ्याच्या, ह.च्या, जुन्यावर.

आईंना अजून बोलले नाही. सासूला काय कधी सांगायचं याचं पंचांग मिळत नाही बाजारात.

१५ एप्रिल, रवि.

बोलले. जेवताना नाही, नंतर, पान लावून झाल्यावर.

"नव्यावर घाल काय घालाचा तं. त्याला हात न्हाय लावाचा."
"अहो आई, गंजतोय तो."
"गंजू दे. आल्यावर बघंल तो."

या घरात दोन 'तो' आहेत. कुठला गंजतोय आणि कुठला येणार आहे ते ज्याचं त्याने लावून घ्यायचं.

ह.ने उभा केला तस्साच आहे ट्रॅ. अंगणात, तोंड रस्त्याकडे, सायलेन्सरवर त्यानेच उपडा घातलेला डबा. श्रावणात चार वर्षं होतील. उत्तनजवळच्या डोंगरीला एका कामाचं बघून येतो म्हणाला, चहा अर्धा टाकून स्कूटरवर गेला. स्कूटर उत्तनच्या किनाऱ्याला मिळाली. स्टँडवर नीट लावलेली, चावी तिलाच. पुढे काही नाही. ना माणूस, ना चप्पल. पोलीस चौकीत आता मला नावाने ओळखतात, चहा विचारतात.

मी भांडी उचलली तर मागून म्हणाल्या, "आपल्या गावान, गोरदेवान, कोन मेला तं पयला काय करतान गो? झाकतान. ठावं हाय ना तुला?"

ठाऊक आहे. मी भायखळ्याची असले तरी माणसं तिथेही मरतात.

२२ एप्रिल, रवि.

शेडबाजार. स्टेशनपासून गोडदेवपर्यंत चौघांना विचारलं, पाच मतं मिळाली.

बांबू-ताडपत्री: सगळ्यात स्वस्त. गेल्या वर्षीची शेजारच्या बिल्डिंगच्या टाकीवर जाऊन बसली होती. नको.
लोखंडी पत्रा: टिकेल असं दुकानदार म्हणतो. खाडीकडेच्या घरांचे पत्रे जाऊन बघ म्हणावं, चाळण झालेत.
फायबरची गोल कमान, कॉम्प्लेक्समध्ये गाड्यांवर असते तशी: देखणी. त्या भावात तिसरा ट्रॅ. येईल.
सिमेंटचा पत्रा: जड, फुटतो, पण गंजत नाही.

अस्लम फॅब्रिकेटर बरा वाटला. गोडदेव नाक्यावर दुकान. उगाच भाभी भाभी करत नाही, आधी माप विचारतो. "दो गाड़ी खड़ी करनी है कि एक?" दोन, म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

घरी आले तर आईंची नवीनच अट. लोखंडी पत्रा नको.
का?
"पाऊस परला का तरातरा वाजंल. तो दारान येऊन हाक मारंल तं आयकू येनार न्हाय."

मी वहीत लोखंडी पत्र्यावर काट मारली. मेकॅनिक गंज म्हणतो, आई आवाज म्हणतात. निकाल एकच.

२५ एप्रिल, बुध.

पूनम सागरला बिलं द्यायला गेले, तेव्हा तिथली गाड्यांची शेड नीट बघून घेतली. खांबाला हात लावून, वर बघत उभी होते. वॉचमन संशयाने बघत होता. तेवढ्यात गेटमधून एक माणूस बाहेर पडला. उजवा खांदा किंचित खाली, ह.चा असतो तसा. हातातली पिशवी मांडीवर आपटत चाललेला.

गेले मागे. बिलं तशीच हातात. तो मेडिकलात शिरला, मी बाहेर उभी. नावाने हाक मारायला तोंड उघडलं. तो वळला. कोणीतरी भलताच, मिशा, चष्मा. "जी, कुछ चाहिए?"

हे पहिल्यांदा नाही. दर वेळी वाटतं, शेवटचं. मग मी पण मेडिकलात जाऊन उगाच बामची बाटली घेतली. घरी आधीच्या तीन आहेत.

३ मे, गुरु.

ठरलं. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा एक कारखाना बंद पडलाय, त्याच्या छपराचे सिमेंटचे पत्रे निघाले. जुने पण सरळ. अस्लमने एकेक पत्रा बोटाने वाजवून घेतला, दोन नापास केले. खांबांना जुने पाइप. "भाभी, इससे सस्ता तो छाता मिलेगा."

आईंना सांगितलं, नव्यावर आणि टँकरवर आहे. माप मात्र दोन ट्रॅ.चं दिलंय. पुढचं पुढे.

९ मे, बुध.

खांबांचे खड्डे घेतले. एक खड्डा ह.च्या ट्रॅ.च्या मागच्या चाकापासून वीतभर. आई ओट्यावर बसून सगळं बघत होत्या. दुपारी रोजच्यासारख्या गेल्या, ट्रॅ.च्या बॉनेटवर हात ठेवला. "तापलाय." मग हाताने दोन शिंतोडे पाणी मारलं.

मेच्या उन्हात लोखंड तापणारच. हे मी पहिल्या वर्षी बोलायचे. आता नाही बोलत. आज तर मीच विचारलं, खूप तापलाय का?

१३ मे, रवि.

लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी अस्लमची माणसं वेल्डिंगला आली. ऊन मरणाचं. अस्लम म्हणाला सावली पाहिजे, आणि कुठूनशी मंडपवाल्याची निळी ताडपत्री आणून अंगणात बांधली. बसायला खुर्च्या नव्हत्या, त्याच्याकडच्याच प्लॅस्टिकच्या सात-आठ मागवल्या. पास्कल, त्याचे दोन दोस्त, वेल्डर, सगळे ओळीने बसून चहाची वाट बघत होते. रविवार म्हणून मी डोक्यावरून न्हायले होते, केस मोकळे, कपाळ धुतलेलं. टिकली लावायची राहिली होती. चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले.

ताडपत्री, खुर्च्या, गप्प बसलेले पुरुष, आणि दारात मी अशी.

समोरच्या गुलाबकाकूने बघितलं. तिने काय बघितलं ते मला आत्ता कळतंय. तेव्हा काहीच कळलं नाही. ती पदर तोंडाला लावून आली, मागे अजून चार बायका. ट्रे माझ्या हातातून काढून घेतला. मला मिठीत घेतलं.

"सापरला का गो हरेश? कुठं सापरला?"

मला सांगायचं होतं. शपथ. काकू, शेड आहे ती, ट्रॅक्टरची शेड. एवढंच वाक्य. पण तिच्या खांद्याला मच्छीचा आणि पावडरचा वास होता, आणि तिने माझं डोकं दाबून धरलं होतं, आणि मला चार वर्षांत कोणी असं धरलं नाही. कारण धरणार कशासाठी? काही झालेलंच नाही ना आमच्याकडे! माणूस गेला तर लोक येतात. माणूस आला नाही तर कोण येतं?

मी रडले. मोठ्याने. गुरासारखी. बायका पाठीवर हात फिरवत होत्या, "रर, मोकली हो," आणि मी खरंच मोकळी होत होते. पुरुष खुर्च्यांवरून उठले. अस्लमने डोक्यावरची टोपी नीट केली आणि हात बांधून उभा राहिला. त्याला वाटलं, ही बातमी आत्ताच आली.

मग ओट्यावर आई दिसल्या.

त्यांचं तोंड मी लिहू शकत नाही. म्हणाल्या, "माज्यापासून लपवलास?"

तेव्हा कुठे माझ्या तोंडून फुटलं. शेड आहे आई. शेड आहे हो. कोणी सापडलं नाही. कोणी नाही सापडलं.

१३ मे, तेच, संध्याकाळ.

गुलाबकाकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तोवर तिच्या सुनेने पिठलं-भाकरीचा टोप आणून ठेवलाही होता. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून. परत न्यायचं कोणाला सुचलं नाही.

आई आत जाऊन पडल्या, भिंतीकडे तोंड करून. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ते पिठलं खाल्लं. सगळं. भूक एवढी की भाकरी नीट मोडवेना. मग तिथेच लादीवर आडवी झाले आणि दिवे लागेपर्यंत झोपले.

बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण बरं वाटलं. अर्धा तास तो मेलेला होता आणि मला बरं वाटलं.

१४ मे, सोम.

टोप घासून पालथा घातलाय. परत कसा द्यायचा?

आमच्याकडे रिकामं भांडं परत देत नाहीत, काहीतरी घालून देतात. पण दुखवट्याचं भांडं भरून देत नाहीत, रिकामंच ठेवून येतात दारात. मग हा टोप कुठला? रिकामा दिला तर तो मेला. भरून दिला तर...

मी दिवसभर त्या टोपाला वळसा घालून काम केलं. संध्याकाळी बघते तर आईंनी तो साखरेने काठोकाठ भरलेला. माझा महिन्याचा डबा रिकामा. पदराखाली घेऊन स्वतः गेल्या समोर. परत आल्या, पाय धुतले.

"साकर आन उद्याला."



२० मे, रवि.

पत्रे चढले. पत्रे पाइपांना धरणारे जे-हुक आवळले. शेड उभी आहे बाई आमची! काळपट जुने पत्रे, पाइपांना अस्लमने उरलेला हिरवा रंग मारला. कुठल्या शाळेच्या दाराचा असावा. नवा आत लावला. शेजारची जागा रिकामी. आईंनी विचारलं नाही, ती कशाला ठेवलीय.

गुलाबकाकू आली होती. चार दिवस तोंड लपवत होती, मीच बोलावलं. आईंजवळ बसली. मी आतून ऐकत होते.

"वैनी, राग नको मानू. पन आमाला वाटला यात नवल काय? बग ती गारी. घास उगवलाय चाकांत. ज्याचा मालक येनार हाय त्याची गारी अशी उघरी परते का?"

आता उठून हाकलणार तिला, म्हटलं.

आई उठल्या नाहीत. मग मला हाक मारली. मी गेले.

"पास्कलला सांग. आत घे त्याला."

२४ मे, गुरु.

पंक्चरवाल्याने चाकांत हवा भरली. ब्रेक जाम, हातोडीने मोकळे केले. नव्याला साखळी लावून ओढायचं. पास्कल नव्यावर. पण ह.च्या ट्रॅ.चं स्टिअरिंग कोणीतरी धरायला हवं. पास्कलचे दोस्त एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हणतो माझी पाठ दुखते, दुसरा म्हणतो मला येत नाही. येत नाही काय, दिवसभर ट्रक चालवतो मेला! भ्याला. सीटला भ्याला.

म्हटलं सरा, मी बसते.

साडी खोचून चढले. सीट एका बाजूला दबलेली, उजवीकडे. मी पण आपोआप उजवीकडे कलले. स्टिअरिंग दगडासारखं. पास्कलने ओढलं, चाकं माती सोडेनात, आणि मग एकदम सुटली, अंगाखालून कोणी उठून उभं राहावं तसा तो हलला. मी ओरडले. "काय झालं वैनी?" काही नाही. चल.

चिंचोळ्या जागेत वळवताना एका खांबाला मडगार्ड घासलं. हिरवा रंग लागला. ह. असता तर आठ दिवस बोलला असता. "तुला साधं वळवता येत नाही शुभे." ऐकलं मी ते. कानात नाही, कुठे ते सांगता येत नाही. पण आवाज होता, शब्द होते, खेकसणं पण होतं.

उतरले. आई बघत होत्या. त्यांनी शेडकडे एकदाही बघितलं नाही. त्या तो उभा होता तिकडे बघत होत्या.

२७ मे, रवि.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

अंगणात ट्रॅ. होता तिथे आता नुसती जागा आहे. लांबट, काळी, तेल पिऊन गुळगुळीत झालेली माती, कडेने गवत. मला वाटलं होतं, अंगण मोकळं होईल. उलट झालंय. पूर्वी तिथे ट्रॅ. होता. आता तिथे ह. नाही.

आणि आज लक्षात आलं, सगळे वळसा घालतात. दूधवाला गेटातून सरळ येऊ शकतो, तरी पूर्वीसारखा कडेकडेने येतो. गुलाबकाकूची कोंबडी तिथून चालत नाही. पास्कल टँकर मागे घेताना मान वाकडी करकरून हेलपाटे घालतो. म्हटलं, अरे सरळ घे ना, मोकळं आहे. तो म्हणाला, "हां वैनी," आणि पुन्हा वळसा.

त्याला हसले. मग धुणं वाळत घालायला निघाले आणि बादली घेऊन मी पण वळसा घातला.

१ जून, शुक्र.

आईंनी सकाळी खुर्ची नेली. प्लॅस्टिकची, मंडपवाल्याकडे परत द्यायची राहिलेली. त्या काळ्या जागेच्या मधोमध टाकली आणि बसल्या. तोंड रस्त्याकडे.

"आई, ऊन आहे. शेडमध्ये बसा हवं तर."
"तो आत गेलाय. आता इथं कोनतरी पाह्यजे ना."

इथे कोणीतरी हवं. म्हणजे काय? तो लांबून येईल, घर बघेल, अंगणात ट्रॅ. दिसणार नाही. त्याला वाटेल विकला. त्याला वाटेल आपलं इथे काही राहिलं नाही. मग तो गेटावरूनच परत फिरेल. असं सगळं त्यांनी सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं.

मी चिडले. खूप बोलले. तुम्हीच म्हणालात आत घ्या. आता परत बाहेर काढू का? रोज आत-बाहेर करू? तुमच्या मुलाने स्कूटर स्टँडवर लावली, त्याला कोणी ढकललं नाही, तो लावून गेला! हे कधी बोलले नव्हते. चार वर्षांत नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. "लावलीन ना स्टँडवर? मंग. येनारा मानूसच लावतो."

खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यात खोट काढता आली नाही. मी आत गेले. पोळ्या करपल्या.

३ जून, रवि.

ढग उतरलेत. दुपारी सर येऊन गेली. नवा कोरडा, ह.चा कोरडा, पत्र्यावर आवाज अगदी कमी, हवा होता तेवढाच. शेड चांगली झालीय, यात वाद नाही. पैसे वसूल.

आई खुर्चीत भिजत बसल्या. छत्री धरली तर ढकलली, पुढचं दिसत नाही म्हणे. मी छत्री मिटली आणि शेजारी उभी राहिले. दोघी भिजलो. गेटावरून एक रिक्षा गेली, थांबल्यासारखी झाली. आईंनी माझं मनगट पकडलं. किती जोर आहे अजून त्यांच्या हातात. रिक्षा गेली.

आता त्यांना ताप आहे. हात लावला कपाळाला. गोळी दिली. विचारतात, खुर्ची आत नाही ना आणलीस?

नाही आणली.

४ जून, सोम.

सकाळी अस्लमला बोलावलं. कारखान्याचे पत्रे उरलेत का विचारलं. आहेत म्हणाला, पाच-सहा. मग आला, टेप घेऊन. आई अजून आत झोपलेल्या, ताप उतरतोय. अंगणात नुसती ओली खुर्ची.

म्हटलं, शेड इथपर्यंत वाढवायची. बाजू उघडी ठेव. रस्त्याकडून सगळं दिसलं पाहिजे, आणि इथून रस्ता.

तो टेप घेऊन त्या जागेशी आला आणि थांबला. वळसा घालून पलीकडे गेला. तिथून म्हणाला, "भाभी, दोनों गाड़ी तो अंदर आ गई. यहाँ तो कुछ है नहीं. किसके ऊपर डालना है?"

मी बघितलं तिकडे.

"आहे," म्हटलं. "तू माप घे."